वाइनरी बघायला जाताना

जानेवारी संपत आला की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर हिरव्या लांबट द्राक्षांच्या गाड्या लागतात. माल येतो नाशिक, सांगली, सोलापूर, जुन्नरकडून. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही त्यातल्या वाणांची नावं. आपल्याच बागायतदारांनी ते आपल्या बागांतून निवडून काढले, पण त्या सगळ्यांचं मूळ एकच, थॉमसन सीडलेस. हा थॉमसन म्हणजे इंग्लंडहून कॅलिफोर्नियात जाऊन शेती करणारा विल्यम थॉमसन. सटर परगण्यातल्या आपल्या शेतात त्याने 1870च्या दशकात ही बिनबियांची वेल वाढवली आणि तिला त्याचं नाव चिकटलं. वेल खरी पश्चिम आशियातली, तिकडे सुलताना आणि किशमिश म्हणून ओळखली जाणारी. तरी महाराष्ट्रात ती रुजली ती कॅलिफोर्नियातलं नाव घेऊनच. कॅलिफोर्नियाच्या वाइनची चव मुंबईकराने घेतली, त्याच्या कितीतरी आधी हे नाव त्याच्या फळांच्या पिशवीत आलेलं होतं.

आज उपनगरातल्या असंख्य घरांतले आईवडील मुलांकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, सनीव्हेलला, क्युपर्टिनोला राहायला जातात आणि तिथल्या एखाद्या शनिवारी ‘चला, वाइनरी दाखवतो’ असा बेत ठरतो. न पिणारेही जातात, कारण जागा सुंदर असते. इकडे त्यांचीच भाचरं-पुतणी कसारा घाट चढून नाशिकला जातात. हे प्रकरण दोघांसाठी आहे. त्यात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: ग्लासाकडे वळण्याआधी वेलीकडे जा. वाइनची चव समजत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी बाग बघितलेली नसते. ते थेट काउंटरवर जातात, पाच घोट घेतात, फोटो काढतात आणि बाहेर पडतात.

बागेत गेलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती मण्याची. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, सालीला पातळ, गराला भरपूर. वाइनच्या द्राक्षाचा मणी जेमतेम वाटाण्याएवढा किंवा थोडा मोठा, आत बिया, साल जाड. रंग, तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग सालीत असतो, म्हणून सालीचं प्रमाण जास्त असलेला लहान मणीच इथे हवा असतो. खायच्या द्राक्षाला नाशिकचा शेतकरी मांडव घालतो, घड डोक्यावर लोंबतात. वाइनची बाग बहुधा तारांवर उभी वाढवलेली दिसते, म्हणजे पानांतून वारा खेळतो आणि घडांवर हवं तेवढंच ऊन येतं. 750 मिलीच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात.

दुसरी गोष्ट छाटणीची, आणि तिच्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नाशिक आणि कॅलिफोर्नियातली नापा यांच्यातला सगळा फरक तिच्यात आहे.

कॅलिफोर्नियाची वेल थंडीत झोपते. पानं गळतात, जानेवारी-फेब्रुवारीत उघड्या काड्या छाटतात, मार्चच्या सुमारास डोळे फुटतात, मेमध्ये फुलोरा येतो. उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मण्यात पाणी उतरतं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर काढणी चालते. वर्षाला एक छाटणी, एक पीक.

नाशिकची वेल झोपत नाही. तिला झोपवण्याइतकी लांब थंडी आपल्याकडे पडत नाही. तिच्या मर्जीवर सोडलं तर ती भर पावसाळ्यात फळ धरेल आणि घड केवडा रोगाने, कुजीने हातचे जातील. म्हणून आपल्या शेतकऱ्याने वर्षाला दोन छाटण्यांची पद्धत बसवली. काढणीनंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी: जुन्या काड्या ओलांड्याजवळ, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीजवळ, खरडून टाकायच्या, म्हणजे नव्या काड्या येतात. याच नव्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यात सूक्ष्मघड तयार होतात, म्हणजे पुढच्या पिकाचा घड बाहेर दिसायच्या कितीतरी महिने आधी डोळ्याच्या आत बसलेला असतो. पावसाळा ही काडी पिकवण्यात आणि पानं रोगापासून वाचवण्यात जातो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, गोड्या बहाराची छाटणी. काडीवर ठराविक डोळे राखून वरचा भाग कापायचा, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. ऑक्टोबरात बागेत गेलात तर एकेका डोळ्याला पेस्ट लावत ओळीने पुढे सरकणाऱ्या बाया दिसतील. बाटलीवरच्या लेबलवर या कामाचा उल्लेख कुठेच नसतो, आणि ते नसेल तर बाटलीत काही असणार नाही.

आता याचा चवीशी संबंध. नापात घड पिकतो तेव्हा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस लहान आणि रात्री गार होत जातात. नाशिकला उलट. जानेवारीच्या कडाक्यात पिकायला लागलेला घड फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पुढे जातो. ऊन वाढलं की साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने खाली येतो. म्हणून नाशिकला पांढऱ्या वाइनची काढणी लवकर, गारव्यातच उरकावी लागते आणि लाल वाइनसाठी ‘अजून चार दिवस थांबू’ असं म्हणणं जोखमीचं ठरतं. समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवरच्या नाशिकच्या गार रात्री हेच इथल्या वाइनचं खरं भांडवल. शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यॉं ब्लाँ या पांढऱ्या जाती इथे चांगल्या निघतात त्या याचमुळे. माझं मत विचाराल तर नाशिकला जाणाऱ्याने सुरुवात पांढऱ्याने करावी आणि तिलाच जास्त वेळ द्यावा.

नाशिकमध्ये वाइनरी ‘बघायला’ जायची रीत आली ती थेट कॅलिफोर्नियातून, एका मुंबईकराबरोबर. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, तिथेच ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि 1990च्या दशकात ती सोडून परत आले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला घरची जमीन होती. आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असं बरंच लावून पाहिल्यावर ते वाइनच्या द्राक्षांकडे वळले. सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सल्लागार म्हणून आले. आई सुलभा यांच्या नावावरून वाइनरीचं नाव सुला ठेवलं, 2000 साली पहिली वाइन बाजारात आली आणि 2005 साली टेस्टिंग रूम उघडली. महाराष्ट्रात वाइन त्याआधीही होत होती. शामराव चौगुले यांच्या इंडाजने 1980च्या दशकातच नारायणगावला फ्रेंच पद्धतीने फेसाळ वाइन केली होती आणि ती परदेशातही गेली. पण ग्राहकाला बागेपर्यंत आणायचं, टाक्या दाखवायच्या, चाखवायचं आणि मग बाटली विकायची, ही पद्धत आपल्याकडे या टेस्टिंग रूममुळे लोकांच्या सवयीची झाली. 2001च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, तेव्हा या सगळ्याला जोर आला. आता गंगापूरच्या पाण्याकाठी यॉर्क आणि सोमा, इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, दिंडोरीला शाँदों, आणि दूर सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली अशी ठिकाणं झाली आहेत.

कॅलिफोर्नियात ही रीत रुजवणाऱ्यांत रॉबर्ट मोंडावी यांचं नाव आधी घ्यावं लागतं. 1966 साली त्यांनी नापातल्या ओकव्हिल इथे स्वतःची वाइनरी काढली आणि येणाऱ्याला ती फिरवून दाखवणं हा धंद्याचाच भाग केला. मोंडावींच्या या धंद्याची मुळं दारूबंदीपर्यंत जातात. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. मात्र घरच्यासाठी फळांचा रस आंबवण्याला कायद्यात फट होती, आणि रॉबर्ट यांचे वडील चेझरे त्या काळात लोडायहून घरोघरी वाइन करणाऱ्यांसाठी द्राक्षं पाठवत. लिव्हरमोरची कॉनकॅनन वाइनरी चर्चच्या मिस्सेसाठी लागणारी वाइन करून तग धरून राहिली. आपल्याकडे 1949चा मुंबई दारूबंदी कायदा अजून लागू आहे, दारू प्यायच्या परवान्याची कल्पना त्यातलीच. 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्याला मोठा विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. मला मात्र विरोध करणाऱ्यांची काळजी खोटी वाटत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणूनच वाइनरीत जायचं तर थोडं आणि समजून प्यायला जायचं, असं मी म्हणतो. ज्यांना प्यायचं नाही त्यांनी बाग आणि टाक्या बघून यावं, त्यांचाही दिवस फुकट जात नाही.

उपनगराला वाइन अगदी परकी होती असंही नाही. अंधेरीचं मरोळ, बोरिवलीची गोराई, तिकडे उत्तन आणि वसई इथल्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळसाठी वाइन करण्याची पद्धत जुनी आहे. मनुका, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट चिनीमातीच्या बरणीत घालून रोज ढवळायचं, मग गाळून ठेवायचं. कुणी जांभळाची करतं, कुणी आल्याची. ही वाइन गोड असते, आणि ज्यांनी शेजारच्या घरी पहिला घोट घेतला त्यांच्या मनात वाइन म्हणजे गोड असं बसून जातं. मग टेस्टिंग रूममधली पहिली कोरडी वाइन त्यांना ‘आंबट’ लागते. तिच्यात साखर उरलेलीच नसते, यीस्टने ती सगळी खाऊन अल्कोहोल केलेलं असतं. द्राक्षाच्या रसात 22-24 ब्रिक्स, म्हणजे साधारण तितके टक्के, साखर असेल तर वाइनमध्ये साधारण साडेबारा ते चौदा टक्के अल्कोहोल येतं.

मुलांकडे गेलात तर नापाचा हट्ट धरू नका. नापा सुंदर आहे, पण महाग झाली आहे आणि बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. 1990च्या परगण्याच्या नियमानुसार नव्या वाइनऱ्यांना आगाऊ वेळ घेतलेल्यांनाच चाखायला देता येतं. फ्रीमाँटहून लिव्हरमोर जवळ आहे. तिथे वेंटी आणि कॉनकॅनन या दोन्ही 1883 साली सुरू झालेल्या वाइनऱ्या आहेत. वेंटी कुटुंबाने 1912 साली फ्रान्समधल्या माँपेलिएहून शार्डनेच्या काड्या आणून लावल्या आणि कॅलिफोर्नियातल्या शार्डनेच्या फार मोठ्या हिश्शाचं मूळ त्या काड्यांत आहे.

क्युपर्टिनोत राहणाऱ्यांसाठी तर घराच्या डोक्यावरच्या डोंगरातच रिज वाइनरीची माँटे बेलो बाग आहे. 1959 साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या अभियंत्यांनी ही जागा घेतली, पुढे 1969 साली पॉल ड्रेपर वाइन करायला आले. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांसमोर लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या, तो प्रसंग जगभर गाजला. पांढऱ्यांत शातो माँटेलिनाची 1973ची शार्डने पहिली आली, लालमध्ये स्टॅग्ज लीपची 1973ची कॅबर्ने सोव्हिन्यॉं. रिजची 1971ची माँटे बेलो त्या दिवशी पाचवी होती. 30 वर्षांनी, 2006 साली, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या तेव्हा ती पहिली आली. चांगली वाइन काळाबरोबर वर जाते याचा इतका चोख पुरावा दुसरा मला माहीत नाही. माँटे बेलोची बाग साधारण 400 ते 800 मीटर उंचीवर पसरली आहे, म्हणजे नाशिकची उंची त्याच पट्ट्यात बसते. उंची सारखी असूनही वाइन वेगळी, कारण तिथे खाली पॅसिफिकचा गारवा आहे आणि इथे घाटापलीकडे कोकणाची दमट हवा. नापात गेलातच तर एक गोष्ट मुद्दाम ताडून बघा. उत्तरेकडे गेलं की थंडी वाढेल असं आपण धरून चालतो. नापात दक्षिणेकडचं कार्नेरोस गार, कारण सान पाब्लो उपसागरावरून धुकं आत येतं, आणि उत्तरेचं कॅलिस्टोगा गरम. दोन्हीत अंतर जेमतेम 45-50 किलोमीटरचं, पण द्राक्षाच्या जाती त्यानुसार बदलतात.

दोन्ही देशांत ज्यांना चाखायला मिळेल त्यांनी झिनफँडेल निवडावी. कॅलिफोर्निया तिला आपली म्हणते. संशोधक कॅरोल मेरेडिथ यांच्या डीएनए तपासणीने 2001 साली दाखवून दिलं की ती क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची जुनी जात आहे, इटलीत तिलाच प्रिमितिव्हो म्हणतात. भारतात ती सर्वात आधी सुलाने आणली. घडातले काही मणी सुकून मनुका होतात तेव्हा काही हिरवेच असतात, हा तिचा स्वभाव. नापा-सोनोमाच्या लांब, कोरड्या शरदात हे मागे राहिलेले मणी पिकायची वाट बघता येते, म्हणून तिथली झिनफँडेल जड, दाट, जॅमसारखी होऊ शकते. नाशिकच्या फेब्रुवारीत ती सवड नसते, इथली हलकी आणि फळांच्या वासाची राहते. हलकी म्हणजे कमी दर्जाची असं समजू नका. मुंबईच्या दमट संध्याकाळी मला हलकीच बरी वाटते.

आता काउंटरवर. एकेका वाइनचं माप सुमारे 30 मिलीचं असतं, पाच वाइन म्हणजे 150 मिली, एक भरलेला ग्लास. आधी हलकी मग जड, आधी पांढरी मग लाल, गोड सर्वात शेवटी. ग्लास दांडीला धरा, वाटीला धरला तर हाताच्या उबेने वाइन गरम होते. तिरका करून रंग बघा, मग फिरवा आणि लगेच नाक आत घाला. सोव्हिन्यॉं ब्लाँमध्ये ढोबळ्या मिरचीचा वास आला तर तो भास नसतो, दोन्हींत मिथॉक्सीपायराझीन या रसायनांचं एकच कुळ असतं आणि द्राक्ष जितकं पिकेल तितकं ते कमी होतं. शिराझमध्ये काळी मिरी जाणवली तर तेही खरंच. मिरीच्या दाण्यातलं रोटंडोन शिराझच्या सालीतही असतं, ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे 2008 साली प्रसिद्ध केलं. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला आहे. हिरड्या कोरड्या पडल्या तर तो सालीचा आणि बियांचा तुरटपणा, जांभळं खाल्ल्यावर होतो तसा. व्हॅनिलाचा वास बहुधा ओकच्या पिंपातून येतो. 225 लिटरच्या एका पिंपात सुमारे 300 बाटल्या मावतात, आणि पिंप महाग असल्यामुळे ‘रिझर्व्ह’ लिहिलेली बाटलीही महाग.

काउंटरवर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. आपल्याकडे ते वापरायला लोक लाजतात. लाजू नका. जे रोज चाखतात ते सगळे थुंकतात, त्याशिवाय चौथ्या वाइननंतर जीभ आणि डोकं दोन्ही काम करत नाहीत. वाढणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा: काढणी कोणत्या महिन्यात झाली, आणि द्राक्ष स्वतःच्या बागेतलं की करारावरच्या शेतकऱ्याचं. उत्तर देताना त्याचा चेहरा खुलला तर चांगल्या ठिकाणी आला आहात. शनिवार-रविवारी, विशेषतः गाणीबजावणी असेल तेव्हा, या प्रश्नांना वेळ मिळत नाही, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. नाशिकला जायचं तर महिना फेब्रुवारी निवडा. पहाटे तोडलेले घड क्रेटमधून येताना, देठ वेगळे होताना, पांढऱ्याचा रस 12 ते 15 अंशांवर गार केलेल्या टाक्यांत जाताना दिसतो.

ठाण्याला सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडली की नाशिकरोडला उतरून गाडी करता येते, तेच सर्वात बरं. मुलुंडहून स्वतःच्या गाडीने जात असाल तर न पिणारा चालक हवाच. आपल्याकडे मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमची आहे, कॅलिफोर्नियात 80ची. तिकडची सवय इकडे चालवून परतीच्या कसारा घाटात जाऊ नये.

गंगापूरच्या वाटेवर एक गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते. बागांच्या मधोमध बंगल्यांचे प्लॉट पाडलेले दिसतात, पाणी आणि डोंगर विकायला काढल्यासारखे. नापानेही हेच संकट पाहिलं होतं. तिथल्या परगण्याने 1968 साली दरीतली जमीन शेतीसाठी राखीव केली, लहान तुकडे पाडायला बंदी घातली. त्या वेळी अनेक जमीनमालक चिडले होते. आज नापात पर्यटक जे बघायला येतात ते त्या निर्णयामुळेच उरलं आहे. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण मानांकन नावाचं रक्षण करतं, जमिनीचं नाही. ते काम जिल्ह्याला आणि राज्याला करावं लागेल आणि लवकर करावं लागेल, कारण एकदा प्लॉट पडला की तिथे पुन्हा वेल लावायला कोणी येत नाही.

बाटली घेतलीत तर ती गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बसायच्या जागेजवळ सावलीत ठेवा. घरी आणल्यावर बूच असलेली बाटली आडवी, पिरगळायच्या झाकणाची उभी चालते. स्वयंपाकघरात गॅसजवळच्या कपाटात नको. मुंबईच्या उन्हाळ्यात फ्रीजचा दरवाजासुद्धा त्यापेक्षा बरा. नाशिकची बहुतेक पांढरी वाइन साठवायची नसते, वर्ष-दोन वर्षांत संपवावी. शेनँ ब्लाँ चांगली गार करून कोळंबीच्या कालवणाबरोबर किंवा कोथिंबीर वडीबरोबर घ्या, थोडी गोडसर असेल तर तिखटाला आवरते. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर उरली तर मटणाच्या रश्श्यात घाला.